पाहुणीचं हसू

फुटबॉल क्लबच्या मॅनेजरने बाईंना बोलावून घेतलं तेव्हा काम अगदी सोपं वाटलं होतं. बाई मोठ्या माणसांच्या भाषावर्गात शिकवायच्या. परदेशातून कामाला आलेले गवंडी, नर्सा, ट्रक ड्रायव्हर त्यांच्याकडे इथली भाषा शिकायला यायचे. तरुणपणी नवऱ्याच्या नोकरीपायी बाईंनी काही वर्षं दुसऱ्या एका देशात काढली होती आणि तिथली भाषा त्यांच्या तोंडात अजून ताजी होती. त्याच देशातून क्लबने या मोसमासाठी एक फॉरवर्ड आणली होती.

"फक्त सर काय बोलतात ते तिला सांगायचं, आणि ती काय बोलते ते सरांना," मॅनेजर म्हणाला. "बायकांच्या लीगमध्ये आता सगळेच क्लब बाहेरच्या मुली आणतात. पण एका वेळी मैदानात अशा तिघींनाच उतरवता येतं. तिच्यामुळे आपल्याकडची एक मुलगी बाहेर बसणार. तेव्हा तिला लवकर रुळवा."

मुलगी विशीतली होती. खांदे रुंद, चाल ऐटीची, पण विमानतळावर बाईंच्या तोंडून आपली भाषा ऐकली आणि ती बाईंच्या गळ्यातच पडली. पहिल्याच दिवशी तिने त्यांना मावशी म्हणायला सुरुवात केली. टीममधल्या मुलींनी तिचं नाव ठेवलं पाहुणी. पहिल्याच सामन्यात तिच्या गुडघ्याला लागून बॉल गोलमध्ये गेला. गोल कसा का होईना, गोलच. त्या दिवशी पाहुणीचे लाड झाले. त्यानंतर मात्र तिच्या पायाला जणू कुणाची दृष्ट लागली. एकामागून एक सामने कोरडे जायला लागले.

कोच हा जुना खेळाडू. सगळे त्याला सर म्हणायचे. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण तोंडाला कुलूप नव्हतं. एका हरलेल्या सामन्यानंतर त्याने ड्रेसिंग रूमचं दार लावलं आणि पाहुणीसमोर उभा राहिला.

"हिला विचारा, दर वेळी गोलच्या जवळच्याच खांबाकडे का धावते? तिथे काय हिचं माहेर आहे? कडेने आलेला बॉल पलीकडे पडतो, ही अलीकडे उभी! लांबच्या खांबावर जा म्हणावं. डोकं आहे की तोही हवा भरलेला बॉलच आहे?"

बाईंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की एक मोठा माणूस सगळ्यांसमोर एका पोरीवर ओरडतोय, आणि ती पोर घामाने निथळत आपल्याकडे बघतेय. डोळ्यांत पाणी तयारच होतं. बाईंची जीभ आपोआप वळली.

"सर म्हणतात, तुझ्या धावण्यात दम आहे," त्या तिच्या भाषेत म्हणाल्या. "अशीच धावत राहा. गोल येतील."

पाहुणीचा चेहरा उजळला. ती सरांकडे बघून तोंडभर हसली, अंगठा वर केला, आणि इथल्या भाषेतला तिला येणारा एकमेव शब्द मोठ्याने म्हणाली, "धन्यवाद!"

खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. कॅप्टनने हातातला बूट जमिनीवर आपटला. सर क्षणभर बघत राहिले आणि पाठ फिरवून निघून गेले.

बाईंना तेव्हा थोडं टोचलं होतं. पण मुलगी इतकी खुशीत होती की त्यांनी ते टोचणं झटकून टाकलं. एकदाच तर झालं, त्यांनी मनाशी म्हटलं. मग ते पुन्हा झालं. सर म्हणाले, "म्हैस पाण्यातून उठते तशी वळते ही," आणि बाईंनी सांगितलं, सर म्हणतात घाई करू नकोस. सर म्हणाले, "मी हिला घरी पाठवली असती, पण परतीचं तिकीट कोण काढणार?" आणि बाईंनी सांगितलं, सर म्हणतात घरची आठवण येत असेल तर बोलून दाखव. हळूहळू त्यांचा हात त्यात इतका बसला की सरांचं वाक्य संपायच्या आत त्यांचं गोड वाक्य तयार असायचं. आणि दर वेळी पाहुणी हसायची, मान डोलवायची, धन्यवाद म्हणायची.

सुट्टीच्या दिवशी ती बाईंच्या घरी जेवायला यायची. बाईंची स्वतःची मुलगी दुसऱ्या शहरात होती आणि तिचा फोन आला तर यायचा. पाहुणी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहायची, भांडी पुसायची, बाईंच्या नवऱ्याला ती भाषा कधी आलीच नव्हती, त्याच्याशी हातवारे करून पत्त्यांचे डाव मांडायची. एकदा तिथूनच तिने आईला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, ही बघ मावशी! मावशी, सांग ना आईला, सर काय म्हणाले ते."

पडद्यावरच्या आईने डोळ्यांवर चष्मा चढवला होता आणि ती वाट बघत होती. बाई म्हणाल्या, "सर म्हणतात तुमची मुलगी टीमचा आधार आहे." तिकडे ती आई तोंडावर हात ठेवून रडायला लागली. मग तिने आवाज देऊन शेजारणीला बोलावलं आणि बाईंना तेच पुन्हा सांगायला लावलं. बाईंनी पुन्हा सांगितलं. पाणी प्यायला म्हणून त्या उठल्या, तेव्हा त्यांची कानशिलं तापली होती.

त्याच आठवड्यात सरावाच्या मैदानाबाहेरच्या बोळात त्यांनी कॅप्टनला बोलताना ऐकलं. "सर एवढं बोलतात, आणि ही दात काढते. हिची कातडी आहे की रबर?"

"परदेशी आहे ना," दुसरी म्हणाली. "आपण काय, कस्पटासमान. माझी जागा घेऊन बसलीय आणि वर हसतेय."

बाई तिथेच थबकल्या. त्याच वेळी आत जाऊन दोन वाक्यं बोलायला हवी होती. त्यांनी पर्स खांद्यावर सारखी केली आणि दुसऱ्या दाराने आत गेल्या.

मोसमाच्या मधल्या सुट्टीनंतर क्लबने एक मिडफिल्डर आणली. तीही परदेशीच, पाहुणीच्या शेजारच्या देशातली. भाषा दोघींची एकच. पण हिचं लग्न इथल्याच माणसाशी झालेलं. लीगमध्ये ती आधी दुसऱ्या क्लबकडून खेळली होती आणि इथली भाषा इतकी फाडफाड बोलायची की बाजारात भाव करताना तिला कुणी परकी म्हटलं नसतं. मुलींनी तिला लगेच वहिनी करून टाकलं.

वहिनी आल्यावर पहिलीच मीटिंग. सरांनी फळ्यावर मैदान काढलं, पाहुणीच्या जागेवर खडूने फुली मारली आणि बाईंकडे वळले.

"तिला सांगा, हे शेवटचं. जवळच्या खांबाकडे पळालीस तर पुढच्या मॅचला बाकावर बसशील. मोसमाच्या सुरुवातीपासून घसा कोरडा करतोय. दगडाला सांगितलं असतं तर दगड हलला असता."

बाई पाहुणीकडे झुकल्या. "सर म्हणतात, सुट्टीनंतर तू ताजीतवानी दिसतेस. असाच जोर ठेव."

पाहुणी हसली. अंगठा वर केला. "धन्यवाद, सर!"

समोरच्या बाकावर बुटाची नाडी बांधणाऱ्या वहिनीचा हात थांबला. तिने मान वर करून आधी बाईंकडे पाहिलं, मग पाहुणीकडे.

"असं नाही म्हणाले ते," ती पाहुणीच्या भाषेत हळूच म्हणाली.

पाहुणी अजून हसतच होती. "काय?"

"सर तसं म्हणाले नाहीत."

"मग काय म्हणाले? मावशी, काय म्हणाले?"

बाईंना वाटलं, कुणीतरी दार ठोठावेल, फोन वाजेल, काहीतरी होईल. काहीच झालं नाही. मग वहिनीने सांगितलं. शब्दाला शब्द, खांब, बाक, दगड, सगळं. तिने आवाज चढवला नाही.

पाहुणीच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते तिथे अडकून राहिलं, कुठे ठेवावं हे न कळल्यासारखं. मग तिने खोलीतल्या एकेकीकडे पाहिलं. कॅप्टनकडे, गोलकीपरकडे, आपल्यामुळे बाहेर बसणाऱ्या त्या मुलीकडे. तिला हळूहळू कळत होतं की या सगळ्यांनी इतके दिवस काय पाहिलं असेल. मानेपासून कानापर्यंत ती लाल झाली. सर्वांत शेवटी तिने बाईंकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"सुरुवातीपासून," बाई म्हणाल्या.

"काय चाललंय?" सरांनी विचारलं. वहिनीने त्यांनाही सांगितलं. सरांच्या हातातला खडू मोडला. "म्हणजे मी इतके महिने भिंतीशी बोलत होतो?" ते बाईंना म्हणाले. "बाई, तुम्ही काय केलंत हे? ती पोरगी मला उद्धट वाटायची! मी तिला टाकून बोलायचो ते त्यामुळेच!"

सगळ्यांच्या नजरा अंगावर घेऊन बाई उठल्या. दारापर्यंतचा रस्ता संपता संपेना. दार बाहेरच्या बाजूला उघडतं हेही त्या विसरल्या आणि ओढत राहिल्या. शेवटी त्या बाहेर बसणाऱ्या मुलीनेच पुढे होऊन ते ढकललं.

मॅनेजरने फोन करून सांगितलं की आता वहिनी आहे, तेव्हा बाईंनी तसदी घेऊ नये. तो सभ्यपणे बोलला, आणि ते जास्त लागलं. नवऱ्याला त्यांनी सगळं सांगितलं. तो बराच वेळ पत्त्यांचा जोड पिसत राहिला.

"मला वाटायचं, ती खरंच चांगली खेळते," तो एवढंच म्हणाला. "मी इथे सगळ्यांना सांगत होतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई पाहुणीच्या फ्लॅटवर गेल्या. वाटेत त्यांनी चांगली चांगली वाक्यं जुळवली होती. तुझं मन दुखवायचं नव्हतं. तू मला मुलीसारखी. दार उघडलं तेव्हा ती सगळी वाक्यं बाईंच्याच कानाला खोटी वाटली, आणि त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.

"या, बाई," पाहुणी म्हणाली.

मावशी नाही. टीममधले सगळे म्हणतात तसं, इथल्या भाषेत, बाई. बाईंना थोबाडीत बसल्यासारखं झालं.

खोलीत एकच खुर्ची होती. ती बाईंना देऊन पाहुणी पलंगाच्या कडेला बसली. रडून झालेलं दिसत होतं. आता तिचा चेहरा कोरडा होता.

"ते शिव्या देत होते आणि मी हसत होते," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. आणि तुम्हाला ते दिसत होतं."

"दिसत होतं."

"एकदाही वाटलं नाही थांबवावं?"

"वाटलं. नाही थांबवलं."

पाहुणी खिडकीकडे बघत राहिली. खाली कुणीतरी गालिचा झटकत होतं.

"जेवढं आठवतंय तेवढं सगळं सांगा. त्यांनी म्हटलं तसंच. एक शब्द गोड करायचा नाही."

बाईंनी सांगायला सुरुवात केली. म्हैस, तिकीट, हवा भरलेला बॉल. समोरासमोर बसून, ज्या मुलीला हाताने जेवायला वाढलं तिच्या तोंडावर, तिच्याच भाषेत. एकेक शब्द दगडासारखा उचलावा लागत होता. पाहुणी डोळे न हलवता ऐकत होती. मध्येच तिने हात वर केला.

"थांबा. लांबचा खांब, हे केव्हा म्हणाले?"

"तुझा गोल झाला, त्यानंतर थोड्याच दिवसांत. आणि मग पुष्कळदा."

"पुष्कळदा." ती उठून उभी राहिली. "माझ्या गावी कडेने खेळणाऱ्या मुली बॉल आखूड मारायच्या. म्हणून मी अलीकडे पळायचे. इथल्या लांब मारतात. हे मला एका वाक्यात कळलं असतं, बाई! शिवी गाळायची होती तर गाळायची. खांब कशाला गाळलात?"

"मला ते कळलं नाही. सगळं ओरडणंच वाटलं."

"कळलं नाही तर विचारायचं." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "आणि तुम्ही तर भाषेच्या शिक्षिका. त्या गवंड्यांना शिकवता, नर्सांना शिकवता. मी दर सुट्टीला तुमच्या घरी यायचे. मला धन्यवादच्या पुढे एक शब्द शिकवला नाहीत. का?"

या प्रश्नाला बाईंकडे तयार वाक्य नव्हतं, आणि म्हणूनच असेल, खरं उत्तर एकदम समोर येऊन उभं राहिलं. मुलीला भाषा आली असती तर तिला मावशी लागली नसती. धावत येऊन गळ्यात पडणारं, ओट्याला टेकून उभं राहणारं माणूस गेलं असतं. दया म्हणून आपण जे मिरवत होतो त्याच्या तळाशी हे होतं. बाईंना तिथल्या तिथे जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पण त्यांनी ते सांगितलं. अडखळत, मान खाली घालून, पण सांगितलं.

पाहुणीने जाऊन दार उघडलं, आणि बाई निघाल्या.

त्यानंतर पाहुणीने वहिनीला धरून भाषा शिकायला घेतली. सामन्यांतही ती आता पलीकडे धावायला लागली. एक गोल झाला, मग आणखी एक. बाई घरी बसून नवऱ्याबरोबर सामने बघायच्या. गोल झाल्यावर मुली तिच्याभोवती जमायच्या. मात्र कुणी तिला थोपटलं तरी ती हसायची नाही, नुसती मान हलवून आपल्या जागेवर परत यायची. ते बघवत नसे. उशीर तर झालाच होता. क्लबने मोसम संपायच्या आतच दुसऱ्या फॉरवर्डशी बोलणं पक्कं केलं होतं.

मोसमाच्या शेवटी मॅनेजरचा पुन्हा फोन आला. पाहुणीशी शेवटचं बोलणं व्हायचं होतं आणि तिने दुभाषी म्हणून बाईंनाच मागितलं होतं. "मीही चकित झालो," मॅनेजर म्हणाला. "ती म्हणते, वहिनीबरोबर मी खेळले, तिच्या तोंडून हे ऐकायचं नाही."

ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला मॅनेजर आणि सर, दुसऱ्या बाजूला पाहुणी, आणि टोकाला बाई. मॅनेजरने घसा साफ केला. "क्लब पुढच्या मोसमात तिला ठेवू शकत नाही. परदेशी मुलींच्या जागा मोजक्या. सरांच्या मते तिने निम्मा मोसम वाया घालवला."

बाईंच्या तोंडात एक मऊ वाक्य तयार झालंच होतं. सवय अशी जात नाही. त्यांनी ते गिळलं आणि म्हणाल्या, "क्लब तुला ठेवणार नाही. सर म्हणतात, तू निम्मा मोसम वाया घालवलास." मग तोंडावर आलेलं आणखी एक वाक्य मात्र त्यांनी गिळलं नाही. इथल्या भाषेत, सर्वांना ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "तो मी घालवला. तिने नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं." आणि तेच तिच्या भाषेतही सांगितलं.

मॅनेजर कागद सारखे करायला लागला. पाहुणी सरांकडे वळली आणि आपल्या भाषेत सावकाश बोलली. बाईंनी एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही.

"ती म्हणते, बाई खोटं बोलल्या हे खरं. पण सर, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. मी तुमच्या शिव्या ऐकून हसत होते. शिव्या खाऊन असं कुणी हसतं का? तुम्हाला एकदाही वाटलं नाही की हिला विचारावं, हिला कळतंय का?"

सर टेबलाकडे बघत राहिले. एरवी ज्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं त्या माणसाने एवढंच म्हटलं, "नाही विचारलं." बाईंनी तेही सांगितलं.

बाहेर आल्यावर दोघी फाटकापर्यंत बरोबर चालल्या. पाहुणीला दुसऱ्या शहरातल्या एका छोट्या क्लबने घेतलं होतं. लीगच्या तळातला होता, पण याच लीगमधला. हे तिने बाईंना सांगितलं नाही. बाईंना ते वहिनीकडून आधीच कळलं होतं. रस्त्याच्या पलीकडे बस थांब्यावर माणसं उभी होती. बाईंना खूप काही विचारायचं होतं. आईला काय सांगितलंस, तिकडे राहायची सोय काय, फोन करू का. त्यातलं काहीही विचारायचा हक्क आपण घालवलाय हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्या गप्प चालत राहिल्या.

फाटकाशी पाहुणी थांबली. पहिल्यांदाच ती बाईंशी इथल्या भाषेत पूर्ण वाक्यं बोलली, शब्द शोधत, एकेक पायरी चाचपडत उतरावी तसं.

"बाई. मला तुमची राग आहे. खूप. जाईल. पण आज नाही."

"तुमचा राग" असं हवं होतं. इतकी वर्षं शिकवलेल्या बाईंच्या ओठांवर ती दुरुस्ती आलीच होती. त्यांनी ती बोलून दाखवली नाही.

"बरं," त्या म्हणाल्या.

पाहुणीने बॅग खांद्यावर घेतली आणि ती रस्ता ओलांडून गेली. बाई बस येईपर्यंत फाटकाशी उभ्या राहिल्या. हात वर करावा की नाही हे त्यांचं ठरेना, तेवढ्यात बस निघालीसुद्धा.